दोष लेन्सचा नाही

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांविषयी सध्या दोन मते सर्रास ऐकू येतात. पहिले मत कपाटातून वडिलांचा कॅमेरा बाहेर काढणाऱ्यांचे: पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स, तीही एवढीशी, फोटो पुसटच येणार. दुसरे मत तोच कॅमेरा हौसेने, चढ्या भावाने विकत घेणाऱ्या तरुणांचे: पुसटपणा हेच फिल्मचे सौंदर्य, स्पष्ट फोटो हवा तर मोबाइल आहेच. एकजण तक्रार करतो, दुसरा कौतुक करतो, पण दोघांचे गृहीतक एकच आहे. पुसट फोटो काढणे हा त्या कॅमेऱ्याचा स्वभावच, असे दोघेही धरून चालतात. मला हे गृहीतक मुळातूनच चुकीचे वाटते.

माझे म्हणणे असे की खिशात मावणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यातून आलेला अस्पष्ट फोटो बहुतेक वेळा लेन्समुळे अस्पष्ट नसतो. अंतर किती, शटर किती वेळ उघडे, प्रकाश किती आणि रोल कोणता, हे चार निर्णय कोणीच घेतलेले नसतात, म्हणून तो अस्पष्ट असतो. मोबाइल हे निर्णय आपल्या नकळत घेतो. जुना कॅमेरा ते आपल्यावर सोपवतो. आपण ते घेतले नाहीत, तर दोष त्याचा नाही.

## कसोटीला सोनारीची यात्रा

हा वाद हवेत घालण्यात अर्थ नाही. त्यासाठी एक खरी जागा हवी, आणि ती मी परंडा तालुक्यातली सोनारी निवडतो. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम कडेला असलेले हे गाव काळभैरवनाथाचे. धाराशिव, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या कित्येक घराण्यांचे हे कुलदैवत. चैत्रात यात्रा भरते, रथ निघतो, माणसांची रीघ लागते. देवळाच्या परिसरात माकडांचे कळप असतात आणि ते माणसांना बिचकत नाहीत.

छायाचित्रणाच्या दृष्टीने अवघड म्हणता येतील अशा सगळ्या गोष्टी इथे एका दिवसात भेटतात. परंड्याचा अक्षांश साधारण सव्वाअठरा अंश. चैत्राच्या दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, त्यामुळे टोपी-फेट्याखालच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत दगडी गाभाऱ्यातला समईचा उजेड. पुढे सरकणारी गर्दी, हातभर अंतरावर येणारी माकडे, हवेत धूळ. जो कॅमेरा इथे स्पष्ट फोटो देईल, तो कुठेही देईल.

चर्चेसाठी कॅमेरेही ठरवून घेऊ. ऑलिंपस ट्रिप ३५ हा १९६७ ते १९८४ या काळात बनलेला, चार काचांची ४० मिमी एफ/२.८ लेन्स असलेला, बॅटरीशिवाय चालणारा कॅमेरा. रोलाय ३५ हा हाइन्झ वास्के यांनी रचलेला, १९६६ साली आलेला, ४० मिमी एफ/३.५ लेन्सचा जर्मन कॅमेरा. ऑलिंपस एक्सए हा योशिहिसा माइतानी यांचा १९७९ चा, ३५ मिमी एफ/२.८. हे तिन्ही सदऱ्याच्या खिशात बसतात. आपल्याकडच्या बहुतेक घरांत मात्र हे नव्हते. आपल्याकडे आधी आग्फाचा क्लिक-३ होता, नंतर याशिकाचे आणि कोडॅकचे साधे पस्तीस मिमीचे कॅमेरे आले. त्यांचाही हिशेब पुढे येईलच.

## १. स्पष्ट म्हणजे किती स्पष्ट?

पहिला घोळ इथेच होतो. स्पष्टता हा फोटोचा अंगभूत गुण नाही. तो निगेटिव्हचा आकार, कॉपीचा आकार आणि पाहणाऱ्याचे अंतर यांचा हिशेब आहे. पस्तीस मिमीच्या चौकटीसाठी लेन्स बनवणारे एक प्रमाण धरतात: निगेटिव्हवर एखादा बिंदू पसरून ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका झाला, तरी साधारण आकाराच्या कॉपीत डोळ्याला तो बिंदूच दिसतो. त्याहून मोठा झाला की डोळा ‘पुसट’ म्हणतो.

ही चौकट २४ बाय ३६ मिमीची. तिची ४ बाय ६ इंची कॉपी काढली की सगळे सव्वाचार पट मोठे होते, आणि १२ बाय १८ इंची काढली की जवळजवळ तेरा पट. कॉपीत सुबक दिसणारा फोटो मोठा करून भिंतीवर लावला की पुसट दिसतो, तो यामुळे. तो पुसटपणा आधीही होताच, फक्त दिसत नव्हता.

आता क्लिक-३ कडे पाहा. त्याची लेन्स साधी, शटरही साधेच, फोकस करायची सोयच नाही. तरी जुन्या अल्बममधले त्याचे चौकोनी फोटो कित्येकदा आश्चर्य वाटावे इतके नीट असतात. कारण लेन्समध्ये शोधू नये. त्याची निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची, म्हणजे पस्तीस मिमीच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून मोठी, आणि तिची कॉपी अनेकदा निगेटिव्ह कागदावर टेकवून त्याच आकाराची काढलेली. काहीच मोठे केले नाही, त्यामुळे कोणताच दोष मोठा झाला नाही. तीच घरे पुढे पस्तीस मिमीच्या कॅमेऱ्याकडे वळली तेव्हा लेन्स सुधारली, पण निगेटिव्ह लहान झाली आणि प्रत्येक कॉपी मोठी करून काढावी लागू लागली. चुकीला पूर्वी जी माफी होती, ती गेली. ‘आधीचा कॅमेरा चांगला होता’ हे घरोघरचे वाक्य या बदलातून आलेले आहे. खरे पाहता नव्या कॅमेऱ्याची लेन्स सरस होती.

म्हणून लहान कॅमेऱ्याचा पहिला नियम असा की निगेटिव्ह लहान असल्याने बाकी प्रत्येक गोष्टीत काटेकोर राहायचे.

## २. अंतर: डोंगराच्या खुणेवर अडकलेली लेन्स

ट्रिप ३५ च्या लेन्सभोवती चार खुणा आहेत. एका माणसाची १ मीटरसाठी, दोन माणसांची दीड मीटरसाठी, घोळक्याची ३ मीटरसाठी आणि डोंगराची अनंतासाठी. आपल्याकडे जुना कॅमेरा कोणाच्याही हातात पाहा, बहुधा तो डोंगरावर लावलेला असतो. मागच्या सहलीत कोणीतरी किल्ल्याचा फोटो काढला, तेव्हापासून तो तिथेच असतो. कॅमेऱ्यातून पाहताना काहीच पुसट दिसत नाही, कारण या कॅमेऱ्यांत आपण लेन्समधून पाहतच नाही. शेजारच्या छोट्या खिडकीतून पाहतो, आणि तिथे सगळे जग कायम स्पष्ट असते. फसवणूक इथे होते.

हिशेब करू. ४० मिमीची लेन्स, एफ/८ (हा आकडा जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र बारीक) अ‍ॅपर्चर, फोकस डोंगरावर, आणि माणूस तीन मीटरवर उभा. त्याच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक बिंदू निगेटिव्हवर सुमारे ०.०६७ मिमी पसरतो, म्हणजे चालेल त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. तोच कॅमेरा घोळक्याच्या खुणेवर, तीन मीटरवर आणला की त्याच एफ/८ ला साधारण २.१ मीटरपासून ५.४ मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट येते. लेन्स तीच, रोल तोच, ऊन तेच. बदलली ती फक्त एक खूण.

सावलीत गेलात, अ‍ॅपर्चर एफ/२.८ पर्यंत उघडले, की तीन मीटरच्या खुणेवरही स्पष्ट पट्टा फक्त २.६ ते साडेतीन मीटरचा उरतो. एक मीटरवर तर तो जेमतेम दहा सेंटिमीटरचा. माकड जवळ येऊन बसले आणि त्याचे डोळे स्पष्ट हवेत, पण फोकस त्याच्या पोटावर लागला, असे या दहा सेंटिमीटरमध्ये होते. त्याहून जवळ आले तर काहीच उपाय नाही, कारण यातले बहुतेक कॅमेरे ९० सेंटिमीटरच्या आतले स्पष्ट दाखवूच शकत नाहीत.

हे ९० सेंटिमीटर म्हणजे बरोबर दोन हात. जुन्या मोजमापात एक हात सुमारे ४५ सेंटिमीटरचा आणि चार हातांची एक वाव. दीड मीटर म्हणजे वावेपेक्षा थोडे कमी, तीन मीटर म्हणजे साडेसहा हात. अंतर अंदाजाने ओळखणे हे परदेशी तंत्रज्ञानाचे काही गूढ नाही. विहिरीची खोली वावेत सांगणाऱ्या आणि बांध पावलांनी मोजणाऱ्या माणसांच्या मुलखात ही नजर होतीच. कॅमेरा हातात आल्यावर ती वापरायची असते, हे कोणी सांगितले नाही, एवढेच. घरात टेप घ्या, भिंतीपासून एक, दीड आणि तीन मीटरवर उभे राहून माणूस खिडकीत केवढा दिसतो ते लक्षात ठेवा. तीन मीटरवर चौकट आडवी धरली तर उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम मावतो. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तरी निम्मे रोल वाचतात.

फिक्स्ड फोकसच्या कॅमेऱ्यांत हा निर्णय कारखान्यातच घेतलेला असतो: साधारण दीड मीटरच्या पुढे काढा. बाळाचा चेहरा मोठा यावा म्हणून आपण जवळ जातो आणि बाळ पुसट होते, पाळण्यामागची भिंत मात्र स्पष्ट येते. स्वयंचलित फोकस आला तो १९७७ च्या कोनिका सी३५ एएफपासून, पण त्यानेही चूक संपली नाही. चौकटीच्या मध्यावर काय आहे एवढेच तो पाही. नवरा-बायको शेजारी उभे, मध्ये वीतभर फट, आणि फोकस फटीतून मागच्या तोरणावर. नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या अल्बममध्ये असे फोटो आहेत. यंत्राने निर्णय घेतला, पण कोणाबद्दल घ्यायचा हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

## ३. वेळ: आडवा जाणारा आणि समोर येणारा

‘फोटो हलला’ असे आपण म्हणतो आणि काढणाऱ्याचा हात थरथरला असे समजतो. हलण्याचे प्रकार दोन आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

हाताचे आधी. जुना संकेत असा की ४० मिमीच्या लेन्सला शटर निदान १/४० सेकंद तरी हवे. मोठी कॉपी काढायची तर त्याच्या तिप्पट-चौपट वेगवान हवे, असे मी म्हणेन. लहान कॅमेऱ्याची एक अडचण मोठ्या कॅमेऱ्याला नसते: तो हलका असतो. बटण दाबताना बोटाने दिलेला झटका जड कॅमेरा गिळून टाकतो, हलका कॅमेरा त्या झटक्याने मान टाकतो. म्हणून बटण खाली ढकलायचे नाही. कॅमेरा दोन्ही तळव्यांत, कोपरे बरगडीला, पाठ देवळाच्या खांबाला, श्वास सोडता सोडता बोट हळूहळू आवळत न्यायचे. ट्रिप आणि रोलायच्या बटणाला केबल लावायला आटे आहेत. एक्सएचे लाल बटण तर नुसत्या स्पर्शाने चालते, आणि हे मुद्दाम केलेले आहे.

आता समोरच्याचे. माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. तो तीन मीटरवरून आपल्यासमोर आडवा गेला, तर निगेटिव्हवर त्याची प्रतिमा सेकंदाला सुमारे १६ मिमी सरकते. ट्रिपला दोनच वेग आहेत, १/२०० आणि १/४०. प्रकाश कमी झाला की तो स्वतःहून १/४० वर जातो. तेवढ्या वेळात प्रतिमा ०.४ मिमी सरकते, म्हणजे मर्यादेच्या तेरा पट. ४ बाय ६ च्या कॉपीवर हे दीड मिमीहून जास्त ओघळणे आहे. नाक-डोळे उरत नाहीत. १/२०० ला ०.०८ मिमी, म्हणजे अजूनही अडीच पट. रोलाय आणि एक्सएच्या १/५०० ला ते ०.०३ मिमीच्या आसपास येते.

म्हणजे ट्रिपवाल्याने यात्रेत चालत्या माणसांचे फोटो काढूच नयेत? काढावेत, पण जागा बदलून. रथाच्या बाजूला उभे राहू नये, त्याच्या वाटेवर पुढे जाऊन उभे राहावे. जो माणूस सरळ आपल्याकडे येतो त्याची प्रतिमा आडवी सरकत नाही, फक्त थोडी मोठी होते. चौकटीच्या मध्यापासून थोडा बाजूला असला, तरी १/२०० ला त्याची सरक ०.०१५ मिमीच्या आत राहते, मर्यादेच्या निम्म्यात. आडव्या फोटोपेक्षा हा पाच-सहा पटींनी स्पष्ट. शिवाय चेहरे समोरून मिळतात, पाठी मिळत नाहीत. जागा बदलली आणि फोटो सुधारला. या एका गोष्टीसाठी लोक महागडी लेन्स शोधत बसतात, याचे मला खरेच वाईट वाटते.

अर्थात रथाच्या वाटेत उभे राहताना आपल्यामुळे ओढणाऱ्यांना अडथळा होऊ नये. फोटो त्यांच्या कामापेक्षा मोठा नाही.

## ४. प्रकाश: जास्त वेगाचा रोल नेहमीच सुरक्षित नसतो

दुकानात रोल घेताना सल्ला मिळतो, ४०० चा घ्या, कुठेही चालेल. चैत्राच्या सोनारीत हा सल्ला उलटा पडतो.

कडक उन्हाचा जुना ठोकताळा असा की एफ/१६ ला शटरचा वेग रोलच्या आयएसओइतका, म्हणजे रोलवरच्या १००, ४०० या आकड्याइतका ठेवावा. १०० च्या रोलला एफ/१६ आणि १/१००, किंवा तितकाच प्रकाश एफ/११ आणि १/२०० ला. आता ट्रिपमध्ये ४०० चा रोल घाला. १/२०० च्या वेगाला त्याला प्रकाश इतका जास्त होतो की अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत मिटते. आणि छिद्र इतके बारीक झाले की प्रकाशच पसरू लागतो. हा भौतिकीचा नियम आहे, कोणत्याही लेन्सला तो चुकत नाही. एफ/८ ला हा पसरलेला ठिपका ०.०११ मिमीच्या घरात असतो, एफ/२२ ला तो ०.०३ मिमी होतो. फोकस अचूक, हात स्थिर, लेन्स निर्दोष, तरी अख्खा फोटो मर्यादेच्या काठावर! तोच दिवस १०० च्या रोलवर काढला असता तर कॅमेरा एफ/११ वर राहिला असता.

स्वयंचलित कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर आपण ठरवत नाही असे म्हणतात. ठरवतो, पण रोल विकत घेताना. म्हणून यात्रेच्या दिवशी दोन रोलचा विचार करावा, दुपारसाठी १०० किंवा २०० चा आणि संध्याकाळसाठी ४०० चा. माथ्यावरच्या उन्हात चेहरे काढायचेच असतील तर माणसाला मांडवाच्या किंवा झाडाच्या कडेच्या सावलीत घ्यावे. डोळ्यांखालच्या काळ्या खोबणीत तपशील उरलाच नाही, तर फोकस कितीही बरोबर असून चेहरा पुसटच वाटतो. डोळा काळा-पांढरा फरक पाहून स्पष्टता ठरवतो.

गाभाऱ्याबद्दल थोडक्यात. ४०० च्या रोलवर एफ/२.८ आणि १/३० ला जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या पाव हिश्श्याइतकाही समईच्या उजेडात अनेकदा नसतो. ट्रिप अशा वेळी खिडकीत लाल पट्टी दाखवून बटणच अडवतो. त्याचे ऐकावे. तिथे हात जोडावेत, कॅमेरा उचलू नये.

अंधुक फोटोचे आणखी एक कारण फार कमी लोकांना माहीत असते. रोलाय ३५ चे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनले होते. त्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. लोक १.५ व्होल्टची अल्कलाइन घालतात, मापक प्रकाश आहे त्याहून जास्त दाखवते, आणि निगेटिव्हला प्रकाश कमी पडतो. कमी प्रकाशाची निगेटिव्ह ओढूनताणून उजळली की दाणे वर येतात, सावल्या चिखलासारख्या होतात, आणि दोष पुन्हा लेन्सच्या माथी जातो. निगेटिव्ह रोल थोडा जास्त प्रकाश सहज पचवतो, कमी प्रकाश पचवत नाही. शंका असेल तेव्हा प्रकाश एक पायरी जास्त, म्हणजे दुप्पट, द्यावा.

## ५. मग लेन्सचे काहीच नाही का?

आहे, पण शेवटी. चार काचांची टेसार रचना पाउल रुडोल्फ यांनी १९०२ साली केली. रोलाय ३५ मध्ये टेसारच आहे आणि ट्रिपची लेन्सही त्याच घराण्यातली. पूर्ण उघडल्यावर या लेन्सचे कोपरे मऊ येतात, हे खरे. एफ/५.६ ते एफ/११ मध्ये मात्र त्या एवढ्या चांगल्या असतात की १२ बाय १८ च्या कॉपीत त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. आणि सोनारीच्या उन्हात योग्य रोल घातलात तर तुम्ही याच पट्ट्यात असता.

लेन्सला खरोखर मारणाऱ्या गोष्टी दोन: आत जमलेली बुरशी किंवा धूसर थर, आणि कधीतरी कोणीतरी उघडून वाकडी बसवलेली पुढची काच. कॅमेरा घेताना टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोकणात बुरशीची भीती जास्त, आपल्या कोरड्या मुलखात धुळीची. धूळ लेन्सपेक्षा रोलला जास्त छळते: मागच्या झाकणात एक कण अडकला की छत्तीसच्या छत्तीस चौकटींवर ओरखडा. रोल यात्रेच्या धुळीत बदलू नये, आणि उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा ठेवू नये.

## ६. स्कॅनमध्ये हरवलेला फोटो

आज फोटो कागदावर येण्याआधी स्कॅन होतो, आणि कित्येक चांगल्या निगेटिव्ह इथे वाया जातात. पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये रोल धुऊन आला, मोबाइलवर फाइल आली, ती बोटांनी मोठी केली, पुसट दिसली, निकाल लागला. पण ती फाइल आडवी दोन हजार ठिपक्यांची असेल तर इंचाला जेमतेम चौदाशे ठिपके वाचले गेले. तीच चौकट चार हजारने वाचली तर दोन कोटींहून जास्त ठिपके मिळतात. स्कॅनवरून निगेटिव्हचा निकाल देऊ नये. भिंगाखाली, उजेडावर धरून, दाणे दिसतात का पाहावे. दाणे टोकदार दिसतात आणि डोळे पुसट, तर चूक फोटो काढतानाची. भिंगाखाली डोळे स्पष्ट दिसतात आणि फाइलमध्ये पुसट, तर चूक स्कॅनची. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि लॅबला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे: किती ठिपक्यांनी वाचले, आणि निगेटिव्ह परत मिळणार का.

## आक्षेप

सगळ्यात वजनदार आक्षेप सौंदर्याचा आहे. जगातले काही अजोड फोटो अस्पष्ट आहेत. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रॉबर्ट कापाने काढलेले हललेले फोटो कोण विसरेल? जपानमध्ये १९६८ साली ‘प्रोव्होक’ नियतकालिकाभोवती जमलेल्या छायाचित्रकारांनी दाणेदार, हललेला, फोकस सुटलेला फोटो हीच आपली भाषा केली. मग स्पष्टतेचा एवढा आग्रह कशाला?

मी हे फोटो मानतो, आणि म्हणूनच हा आक्षेप मानत नाही. प्रोव्होकच्या मंडळींना स्पष्ट फोटो येत होता, त्यांनी तो नाकारला. ज्याला येतच नाही तो नाकारू शकत नाही. कापाच्या फोटोतले हलणे गोळ्यांच्या वर्षावातून आले आहे. बारशातल्या आजीचा चेहरा डोंगराच्या खुणेमुळे पुसला गेला, त्याला त्या रांगेत बसवणे कापावर अन्याय आहे आणि आजीवरही. कॅमेऱ्याच्या चार खुणा न पाहता आलेल्या पुसटपणाला ‘फिल्मचा फील’ म्हणणे हे अज्ञानाला दिलेले गोंडस नाव आहे.

दुसरा आक्षेप असा की इतके मोजमाप करत बसले तर क्षण निघून जातो. प्रत्यक्षात उलटे आहे. फोकस तीन मीटरवर आणि १०० चा रोल असेल, तर उन्हात दोन मीटरपासून सात-आठ मीटरपर्यंत सगळे आपोआप स्पष्ट येते. मग फोकस करायचाच नसतो, फक्त बटण दाबायचे असते. आधी ठरवून ठेवलेला कॅमेरा हा कोणत्याही स्वयंचलित कॅमेऱ्याइतकाच झटपट असतो, आणि तो फटीतून तोरणावर जात नाही.

मोबाइल यापेक्षा स्पष्ट फोटो देतो, हे तर मला मान्यच आहे. तो एका दाबात अनेक फोटो घेऊन जुळवतो, अंधारातही चेहरा उभा करतो. फिल्म वापरायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. रोल महाग झाले आहेत, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा स्वस्त देशी रोल केव्हाच इतिहासजमा झाला. पण ज्याने ठरवून, पैसे मोजून फिल्म घेतली, त्याने छत्तीस चौकटी वाया घालवू नयेत. रोल महाग आहे हे काळजीपूर्वक काढण्याचे कारण आहे, पुसट फोटो गोड मानून घेण्याचे नाही.

## स्पष्टता हवी कशाला

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले. त्या पिढीच्या हातात कॅमेरा आला तो प्रामुख्याने नोंद ठेवण्याचे साधन म्हणून: कोण माणसे होती, काय नेसत होती, देवळे कशी होती. काचेची प्लेट, तिपाई, समोर निश्चल बसलेला माणूस. आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे फोटो आज इतिहासाचे साधन झाले आहेत, कारण त्यांत दरवाजाचे नक्षीकाम मोजता येते. पण तो कॅमेरा राजवाड्यात गेला, सोनारीच्या यात्रेतल्या शेतमजुराकडे गेला नाही.

त्याच्याकडे गेला तो हा खिशातला कॅमेरा. गावातल्या कित्येक घरांत एखाद्या माणसाचा आयुष्यातला एकुलता एक फोटो अशाच कॅमेऱ्यातून, यात्रेत किंवा लग्नात, कोणा पाहुण्याने काढलेला आहे. त्या फोटोत लुगड्याचे काठ ओळखू येतात का, गोंदण दिसते का, पाटल्या होत्या की बांगड्या, मागे देवळाचा कोणता भाग तेव्हा उभा होता, हे सगळे ०.०३ मिमीच्या त्या मर्यादेवर ठरते. ज्यांच्याबद्दल कुठेच काही लिहून ठेवलेले नाही, त्यांच्या बाबतीत फोटोतला तपशील हाच उरलेला पुरावा. तो पुसट करून त्याला सौंदर्य म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

येत्या चैत्रात सोनारीला जाणाऱ्या ज्यांच्या घरी असा कॅमेरा पडून आहे, त्यांना माझी विनंती आहे. आधी एक रोल घरीच, टेपने अंतर मोजून, वहीत टिपून काढा आणि कॅमेऱ्याच्या खुणा खऱ्या आहेत का तपासा. यात्रेला १०० किंवा २०० चा रोल घाला, फोकस तीन मीटरवर ठेवा, ऊन पाठीशी नसून कडेला असेल अशी सकाळची वेळ धरा, आणि रथाच्या पुढे जाऊन उभे राहा. ज्यांचे फोटो काढाल त्यांची नावे आणि गाव लिहून घ्या, एक कॉपी त्यांच्या घरी पोचवा. निगेटिव्ह लॅबमधून परत मागून घ्या आणि कोरड्या डब्यात ठेवा.